दीक्षा मिळाली म्हणजे दीक्षा देण्याचा अधिकार मिळाला, असे नव्हे

प्रति,
पुणे, मुंबई व गोवा येथे दक्षिण अमेरिकेच्या आंदीज पर्वतराजीतील परंपरेच्या दीक्षासंस्कारांच्या कार्यशाळा भरवणारे आयोजक आणि तेथे दीक्षा देणारे शिक्षक यांस

सविनय नमस्कार.

आपल्या कार्यशाळांच्या शेवटी जे प्रमाणपत्र हाती पडते, त्यावर बहुधा एक वाक्य असते: ज्यांना हे संस्कार मिळाले आहेत, ते यापुढे इतरांनाही देऊ शकतात. शनिवारी सकाळी ज्या व्यक्तीने 'पाको', म्हणजे आंदीजमधला विधिकर्ता, हा शब्द पहिल्यांदा ऐकला, ती रविवारी संध्याकाळी दीक्षा देण्यास पात्र ठरून घरी जाते. हे पत्र त्या एका वाक्याबद्दल आहे. हे संस्कार कोणी घेऊच नयेत, असे माझे म्हणणे नाही. मी स्वतः ते घेतले आहेत, त्यांच्याविषयी माझ्या मनात आदर आहे, आणि त्यांतून जे स्थैर्य मिळाले त्याचा समुपदेशनाच्या माझ्या रोजच्या कामात मला उपयोग होतो. परंतु घेणे आणि देणे यांच्यामध्ये शिक्षणाचा जो लांब पल्ला आहे, तो आपल्याकडे जवळजवळ पुसला गेला आहे, आणि त्याचे परिणाम विश्वासाने डोळे मिटून समोर बसलेल्या माणसाला भोगावे लागत आहेत.

आपल्यापैकी बहुतेक जण ज्या नऊ संस्कारांची दीक्षा देतात, ते 'मुनाय-की' या नावाने ओळखले जातात. क्युबात जन्मलेले मानववैज्ञानिक अल्बेर्तो विलोल्दो यांनी पेरूमध्ये शिकलेल्या गोष्टींच्या आधारे आजच्या शहरी माणसासाठी केलेली ही मांडणी आहे. तिच्यातील तिसऱ्या संस्कारात सर्प, जग्वार, हमिंगबर्ड आणि कोंडोर यांची बीजे शरीरातील चक्रांत ठेवली जातात. येथे आपल्याकडचा माणूस चटकन रमतो, कारण मूलाधार, अनाहत ही नावे त्याने लहानपणापासून ऐकलेली असतात आणि त्याला वाटते की हे तर आपलेच आहे. वस्तुस्थिती अशी आहे की चक्रांची ही रचना भारतीय तंत्र आणि योगातून पश्चिमेकडे गेली आणि तेथून या मांडणीत आली. वरच्या चक्राशी जोडला जाणारा केत्साल्कोआत्ल हा मेक्सिकोकडचा पिसांचा सर्प आहे. आंदीजशी त्याचा मुळात संबंध नाही. एवढ्यामुळे हे संस्कार खोटे ठरतात, असे मी मुळीच मानत नाही. महाराष्ट्राच्या भक्तिपरंपरेतही नाथ, वारकरी, दत्त आणि सूफी असे प्रवाह एकमेकांत मिसळलेले आहेत आणि तिचे तेज त्यामुळे कमी झालेले नाही. मात्र जो दीक्षा देतो त्याला कोणती गोष्ट कोठून आली हे ठाऊक असलेच पाहिजे. मी उपस्थित राहिले अशा काही वर्गांत हे सगळे हजारो वर्षांपूर्वीचे अखंड इंका ज्ञान म्हणून सांगितले गेले. इंकांचे साम्राज्य पंधराव्या शतकात विस्तारले, एवढी साधी गोष्टही सांगणाऱ्याला माहीत नव्हती. सांगणारी माणसे अप्रामाणिक नव्हती. त्यांना ज्यांनी दीक्षा दिली त्यांनी तेवढेच सांगितले होते, आणि त्यांनाही त्यांच्या आधीच्यांनी. शिकवण्याची जबाबदारी कोणीच घेतली नाही की असेच होते. कृती तेवढी पुढे जाते, आणि ती का करायची, कोणासाठी करायची व केव्हा करायची नाही, हे मात्र हातोहात गळून जाते.

ज्या डोंगरांचे नाव आपण घेतो, तेथे हे कसे चालते ते पाहावे. पेरूच्या कुस्को प्रदेशात, पाउकारताम्बोच्या बाजूला, क्वेरो लोकांच्या वस्त्या आहेत. त्यांतील कित्येक समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरहून अधिक उंचीवर आहेत. लामा आणि अल्पाका पाळणारे, बटाट्यावर जगणारे आणि केचुआ बोलणारे हे लोक आहेत. १९५५ साली ऑस्कर नुन्येस देल प्रादो यांच्या नेतृत्वाखाली कुस्कोहून अभ्यासकांचे पथक तेथे गेले आणि त्यानंतर बाहेरच्या जगाला क्वेरोंची नीट ओळख होऊ लागली. त्यांच्यातील विधिकर्ता म्हणजे पाको. पाकोंमध्ये मुख्यतः दोन प्रकार मानले जातात. पाम्पामिसायोक हा धरणीमातेला, म्हणजे पाचामामाला, अर्पण करण्याचे विधी जाणतो आणि कोकाची पाने पाहून सांगतो. आल्तोमिसायोक थेट आपूंशी, म्हणजे डोंगरांच्या दैवतांशी, बोलू शकतो असे मानतात. पाकोची पायरी तो कोणत्या डोंगराच्या सेवेत आहे यावरून ओळखली जाते. वस्तीजवळच्या लहान आपूपासून सुरुवात होते आणि औसांगातेसारख्या, सहा हजार मीटरहून उंच हिमशिखरापर्यंत फार थोडे पोचतात.

आल्तोमिसायोकाची निवड वीज करते, अशी तेथील श्रद्धा आहे. पहिल्या विजेने माणूस मरतो, दुसरीने त्याचे तुकडे होतात आणि तिसरीने ते पुन्हा जुळतात, असे आंदीजमध्ये अनेक ठिकाणी सांगतात. ही श्रद्धा आपण शब्दशः घ्यावी की नाही, हा प्रश्न येथे बाजूला ठेवू. माझ्या दृष्टीने महत्त्वाचे हे आहे की, ज्याला प्रत्यक्ष आकाशाने निवडले असे सगळी वस्ती मानते, त्या माणसालाही दुसऱ्या दिवसापासून विधी करता येत नाहीत. तो जुन्या पाकोकडे जातो, त्याच्याबरोबर राहतो, त्याची पोतडी वाहतो, प्रार्थनेत कोणत्या डोंगराला कोणत्या क्रमाने हाक घालायची ते ऐकून ऐकून शिकतो आणि मग केव्हातरी गुरूच्या हातून त्याला कार्पाय, म्हणजे दीक्षा, मिळते. ज्यांना वीज शिवली त्यांनाही शिकावे लागते, तर ज्यांनी आपल्या कार्यशाळेचे शुल्क भरले त्यांना शिकायची गरज कशी नाही, याचे उत्तर मला आजवर कोणी दिलेले नाही.

आणि शिकायचे म्हणजे नेमके काय, हे पाहायचे असेल तर देस्पाचो, म्हणजे दैवतांना अर्पण करायची पुडी, बांधताना पाहावे. पांढरा कागद जमिनीवर पसरला जातो. कोकाची तीन निर्दोष पाने निवडून एकावर एक ठेवतात, त्याला किंतू म्हणतात. पान फाटलेले किंवा डाग पडलेले असले की ते बाजूला काढतात. प्रत्येक किंतूवर हळूच फुंकर घालून एका एका आपूचे नाव घेतले जाते. मग लामाची चरबी, बिया, मका, शिंपला, मिठाई, लाल आणि पांढरी फुले असे एकेक ठेवत जातात. मांडणी पूर्ण झाली की घडी घालून दोऱ्याने बांधतात आणि बहुधा अग्नीला देतात. ते जळत असताना लोक तिकडे टक लावून पाहत नाहीत. माहितीपत्रक वाचून कोणीही एवढे करू शकेल. परंतु समोर बसलेल्या घरात नुकताच मृत्यू झाला आहे की बाळ जन्मले आहे, यावरून काय घालायचे आणि काय वगळायचे हे बदलते. माणूस थरथरतो आहे ते थंडीने, भीतीने की आणखी कशाने, हे पाहून विधी पुढे न्यायचा की थांबवायचा हे ठरवावे लागते. आणि अनेकदा पाने पाहून पाको सरळ सांगतो की आज नाही. हा नकार देण्याची क्षमता मला सगळ्या शिक्षणाचा गाभा वाटते. आपल्या कार्यशाळेत पैसे भरलेल्या एखाद्या माणसाला 'आपल्यासाठी ही वेळ योग्य नाही' असे सांगून शुल्क परत केल्याचे मी एकदाही पाहिलेले नाही.

नकार का हवा, हे मी माझ्या कामातील एका उदाहरणाने सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. तिशीतल्या एका बाईंना त्यांच्या बहिणीने माझ्याकडे आणले. कार्यशाळेहून परतल्यापासून त्या झोपलेल्या नव्हत्या. भराभरा बोलत होत्या, रात्री दोन-तीन वाजता नातेवाइकांना लांबलचक संदेश पाठवत होत्या आणि जग्वार आपल्याशी बोलतो असे सांगत होत्या. त्यांना काही वर्षांपूर्वी उन्मादाचा झटका येऊन गेला होता आणि त्यासाठी त्यांना लिथियमच्या गोळ्या चालू होत्या. कार्यशाळेच्या अर्जात आरोग्याविषयी एकही प्रश्न नव्हता. तेथे कोणीतरी त्यांना सांगितले की दीक्षेच्या काळात शरीर शुद्ध असावे, म्हणून त्यांनी गोळ्या बंद केल्या. बहिणीने घाबरून दीक्षा देणाऱ्या बाईंना फोन केला, तेव्हा उत्तर आले की हे आतले शुद्धीकरण चालू आहे, ते होऊ द्या, अडवू नका. त्या दीक्षादात्रीला स्वतःला दीक्षा मिळून जेमतेम महिना झाला होता. मनोविकारतज्ज्ञांकडे दाखल करून उपचार झाल्यावर त्या बाई सावरल्या. त्या दीक्षादात्रीच्या मनात काही वाईट होते असे मला वाटत नाही. तिच्याजवळ शब्द होता, ज्ञान नव्हते. उन्माद कसा दिसतो, अशा वेळी माणसाला जेवू-झोपू घालून, विधी थांबवून, लगेच वैद्यकीय मदत कशी मिळवायची, हे तिला कोणी शिकवलेच नव्हते. असे लोक माझ्याकडे येतात, आणि माझ्या व्यवसायातील इतरांकडेही येतात.

येथे कोरियाचे उदाहरण मी थोडे विस्ताराने मांडू इच्छिते, कारण दीक्षा आणि शिक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे जितके स्पष्ट तेथे दिसते तितके क्वचितच कोठे दिसते. कोरियात विधी करणाऱ्या स्त्रीला मुदांग म्हणतात. मध्य आणि उत्तर भागातील परंपरेत तिला आधी एक आजार येतो, ज्याला शिन्ब्योंग म्हणतात. औषधाने न उतरणारा, झोप उडवणारा, माणसाला घराबाहेर भटकायला लावणारा. मग एखादी अनुभवी मुदांग तिच्यासाठी नेरिमगुत हा दीक्षाविधी करते. त्यात तिची परीक्षा असते: लपवून ठेवलेल्या घंटा आणि पंखा शोधून काढावा लागतो, अंगात आलेल्या दैवताचे बोल लोकांसमोर उच्चारावे लागतात आणि काही परंपरांत पात्यांच्या धारेवर उभे राहावे लागते. एवढे सगळे पार पडल्यावरही ती पूर्ण मुदांग होत नाही. ज्या स्त्रीने दीक्षा दिली ती तिची 'दैवी आई' होते आणि मग खरे शिकणे सुरू होते. लांबलचक गीते तोंडपाठ करायची, ढोलाचे ठेके, नृत्याच्या चाली, प्रत्येक दैवताचा पोशाख, नैवेद्य कसा मांडायचा, शोकात बुडालेल्या घराशी कसे बोलायचे, असे बरेच काही वर्षानुवर्षे त्या आईच्या मागे उभे राहून शिकावे लागते. किम कुम-ह्वा या कोरियातील अतिशय विख्यात मुदांग होत्या. १९३१ साली ह्वांगहे प्रांतात जन्मलेल्या किम यांना सतराव्या वर्षी त्यांच्या आजीने, म्हणजे आईच्या आईने, दीक्षा दिली. ती आजी स्वतः मुदांग होती. १९८५ साली कोरियन सरकारने त्यांना समुद्रकिनाऱ्यावरच्या मच्छीमारांच्या गुत-विधींसाठी राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या धारक म्हणून मान्यता दिली. २०१९ मध्ये त्या निवर्तल्या.

त्या मान्यतेची पद्धतही पाहण्यासारखी आहे. कोरियात १९६२ पासून सांस्कृतिक वारसा संरक्षणाचा कायदा आहे. त्याखाली धारक, त्यांना शिकवण्यात साहाय्य करणारे, शिक्षण पूर्ण केलेले आणि शिकणारे अशा पायऱ्या ठरलेल्या आहेत. शिक्षण पूर्ण केले हे परीक्षा घेऊन ठरवले जाते, आणि ते पूर्ण केलेला प्रत्येक जण शिकवू शकतो असेही नाही. सरकारने दैवताच्या संचाराची परीक्षा घ्यावी असे मला सुचवायचे नाही, आणि कोरियातसुद्धा दीक्षेच्या नावाखाली अडलेल्या माणसांकडून भरमसाट पैसे उकळणारे लोक आहेत. पण तेथील जाणत्या मुदांगांना आणि अभ्यासकांनाही एक गोष्ट सारखीच मान्य आहे: संचार आपोआप होऊ शकतो, विधी आपोआप येत नाही.

आपल्यापैकी काही जण म्हणतील की आंदीजच्या ज्येष्ठांनीच हे ज्ञान जगाला मोकळेपणाने द्यायला सांगितले आहे, मग तुम्ही त्यावर पहारे का बसवता? हा आक्षेप मी गंभीरपणे घेते, कारण दीक्षा मूठभरांच्या हाती कोंडून ठेवली की तिचा धंदा होतो, हे आपण महाराष्ट्रात पुष्कळ पाहिले आहे. ज्ञानदेवांनी गीतेचा अर्थ मराठीत आणला तो सर्वांसाठीच आणला. पण त्यांच्यामागे निवृत्तिनाथ होते, निवृत्तिनाथांच्यामागे गहिनीनाथ होते आणि त्या परंपरेत कोणी कोणाकडून काय घेतले हे उघड सांगितले जात होते. दार सर्वांसाठी उघडे असणे आणि दारात उभा असलेला माणूस तयारीचा असणे या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात. किंबहुना जितके जास्त लोक येणार असतील, तितके देणाऱ्याचे शिक्षण अधिक हवे, कारण आंदीजच्या वस्तीत पाको समोरच्याला त्याच्या जन्मापासून ओळखत असतो आणि आपल्या सभागृहात बसलेले तीस चेहरे आपल्याला पूर्णपणे अनोळखी असतात.

ओळख नसताना आणि शिक्षण नसताना काय घडू शकते, याचे सर्वांत वेदनादायक उदाहरण अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातल्या सेडोनाजवळ ऑक्टोबर २००९ मध्ये घडले. जेम्स आर्थर रे या स्व-विकासाच्या व्याख्यात्याने हजारो डॉलर शुल्क घेऊन भरवलेल्या शिबिरात, आधी उपवास घडवलेल्या पन्नासहून अधिक लोकांना उष्णस्नानाच्या झोपडीत बसवले. आत तापलेल्या दगडांवर पाणी ओतले जात होते. त्यातून तीन माणसे दगावली आणि अनेकांना रुग्णालयात न्यावे लागले. २०११ साली न्यायालयाने निष्काळजीपणामुळे झालेल्या तीन मृत्यूंसाठी त्याला दोषी ठरवून दोन वर्षांच्या कारावासाची शिक्षा दिली. अमेरिकेतील मूळ रहिवाशांपैकी लाकोटा लोकांचा इनिपी हा विधी बाहेरून असाच दिसतो: झोपडी, दगड, पाणी, अंधार. पण लाकोटांमध्ये तो चालवणारा माणूस ज्येष्ठांच्या देखरेखीखाली वर्षानुवर्षे तयार झालेला असतो आणि कोणाचा श्वास जड झाला आहे हे त्याला अंधारातही कळते. १९९३ साली लाकोटा, डाकोटा आणि नाकोटा प्रतिनिधींनी आपल्या विधींचा बाजार मांडणाऱ्यांविरुद्ध जाहीरनामा काढला होता. सेडोनाच्या सोळा वर्षे आधी. त्यांचे कोणी ऐकले असते तर बरे झाले असते.

ॲमेझॉनच्या कोलंबियाकडील भागातही हीच काळजी जाणत्यांनी स्वतः बोलून दाखवली. यागे हे वनस्पतीपेय देणाऱ्या आदिवासी वैद्यांनी १९९९ साली युरायाको येथे एकत्र येऊन उमियाक ही आपली संघटना उभी केली आणि पुढे स्वतःसाठी आचारसंहिता तयार केली. अर्धवट शिकलेले लोक, मग ते बाहेरचे असोत की आपल्यातलेच, यागेचा व्यापार करतात आणि त्याने माणसांचे व परंपरेचे नुकसान होते, हे त्यांनी स्पष्ट म्हटले. शासनाने किंवा डॉक्टरांनी नियम लादण्याची वाट त्यांनी पाहिली नाही. आपणही ती पाहू नये.

परंपरा बदलू नये, असा माझा आग्रह नाही. कोयूर रितीची यात्रा हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. औसांगातेच्या परिसरातील सिनाकारा दरीत हजारो लोक दरवर्षी जमतात. युनेस्कोने २०११ साली तिला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. त्या यात्रेत उकुकू, म्हणजे अस्वलाचा वेष घेतलेले तरुण, रात्री हिमनदीवर चढून बर्फाचे ठोकळे पाठीवर घेऊन खाली उतरत. ते पाणी औषधी मानले जाई. हिमनदी आटू लागली तेव्हा उकुकूंनी बर्फ तोडणे थांबवले. हजारो लोकांच्या श्रद्धेची गोष्ट त्यांनी बदलली, आणि ती बदलण्याचा अधिकार त्यांना होता, कारण त्या बर्फाशी असलेले नाते त्यांना आतून ठाऊक होते. जो शिकलेला आहे तो बदल करतो तेव्हा काय सोडतो आहे हे त्याला कळते. ज्याला मूळच माहीत नाही, त्याच्या हातून काय सुटले हे त्यालाही समजत नाही आणि त्याच्या शिष्यालाही.

आता आपल्या राज्याविषयी दोन शब्द. डिसेंबर २०१३ मध्ये महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा केला. त्यासाठी झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात हत्या झाली होती. ज्या शहरात हे घडले, त्याच शहरात आपण दीक्षेची सभा भरवतो, तेव्हा 'ही बुवाबाजी नाही कशावरून?' हा प्रश्न विचारणाऱ्याला आपण हटवादी ठरवू नये. तो प्रश्न विचारण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे. जव्हार-मोखाड्याकडचा भगत दाणे पाहतो, रानातला झाडपाला ओळखतो आणि हे सगळे जुन्या भगताच्या हाताखाली राहून शिकतो. तरी शहरातील सुशिक्षित माणूस त्याला एका शब्दात अंधश्रद्ध म्हणून मोडीत काढतो. वारल्यांच्या लग्नात धवलेरी सबंध विधी गाण्यांनी चालवते आणि ती गाणी ती कोण्या एका दुपारी शिकलेली नसते. मग वातानुकूलित सभागृहात, दोन दिवसांच्या प्रमाणपत्रावर, दुसऱ्या खंडातील लोकांच्या डोंगरांची नावे घेणाऱ्याला आपण अधिक विश्वासार्ह का मानतो? भगताची प्रत्येक समजूत मला मान्य आहे असे नाही, आणि साप चावल्यावर दवाखान्यातच गेले पाहिजे यात कोणतीही तडजोड नाही. परंतु आपण काय जाणतो आणि काय जाणत नाही याबद्दलची त्याची शिस्त आपल्या कार्यशाळांत मला आढळत नाही.

म्हणून माझी विनंती अशी आहे. संस्कार घेतल्याचे आणि संस्कार देण्यास पात्र असल्याचे, ही दोन प्रमाणपत्रे आपण वेगळी करावीत आणि पहिल्यावरून ते वाक्य काढून टाकावे. ज्याला पुढे दीक्षा द्यायची आहे त्याने दीक्षेनंतर किमान एक वर्ष स्वतःची साधना करावी. या नऊ संस्कारांत रुजलेल्या बीजांना अग्निविधीने पोसायचे असते असे आपणच शिकवता, मग ते बीज देणाऱ्याच्या अंगी रुजले की नाही हे पाहिल्यावाचून त्याने ते दुसऱ्याला कसे द्यावे? त्यानंतर त्याने अनुभवी शिक्षकाच्या शेजारी बसून अनेक दीक्षा पाहाव्यात, मग शिक्षकाच्या नजरेखाली द्याव्यात आणि ज्यांना दिल्या त्यांची पुढे काही महिने नियमित विचारपूस करावी. माझ्या मते हा शेवटचा भाग सर्वांत जास्त शिकवणारा आहे, आणि आपल्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्षित. रविवारी संध्याकाळी गट पांगला की पुढच्या मंगळवारी त्यांतील कोण रडत बसले आहे हे कोणालाच कळत नाही.

अर्जात मानसिक आणि शारीरिक आजारांविषयी, चालू असलेल्या औषधांविषयी आणि जवळच्या माणसाच्या दूरध्वनी क्रमांकाविषयी प्रश्न असावेत, आणि ते वाचून निर्णय घेणारी जाणती व्यक्ती असावी. उन्माद, भ्रम किंवा आत्महत्येचे विचार यांचा पूर्वेतिहास असल्यास उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय दीक्षा देऊ नये. डॉक्टरांनी दिलेले कोणतेही औषध बंद करण्यास सुचवणे, मग ते किती का गोड शब्दांत असेना, हा शिक्षकाचा अपराध मानला जावा आणि त्यासाठी त्याचे दीक्षा देणे थांबवावे. प्रत्येक आयोजकाला जवळच्या मनोविकारतज्ज्ञांची माहिती असावी, आणि निदान १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीचा सरकारी टेलि-मानस क्रमांक तरी सहभागी लोकांच्या हाती द्यावा. दीक्षा देताना खांद्याला, डोक्याला, छातीजवळ स्पर्श केला जातो. त्याची आधी स्पष्ट कल्पना देऊन संमती घेण्याचे शिक्षण प्रत्येकाला मिळायला हवे, कारण परवानगी न घेता झालेल्या स्पर्शाच्या तक्रारी मी ऐकल्या आहेत आणि त्या दडपल्या गेल्याचेही ऐकले आहे.

शिक्षकाने आपण कोणाकडून, कोठे आणि किती काळ शिकलो हे जाहिरातीत लिहावे. क्वेरो लोकांचे नाव घेऊन पैसे मिळवायचे असतील तर त्यांच्याच आयनीच्या तत्त्वाप्रमाणे, म्हणजे घेतले तेवढे परत द्यावे या रीतीप्रमाणे, त्या उत्पन्नातील ठरलेला भाग त्यांच्या वस्त्यांतील शाळेला किंवा आरोग्याला जावा आणि तो गेल्याचा हिशेब आपण उघड ठेवावा. शक्य असेल तेव्हा क्वेरो पाकोंना सन्मानाने बोलावून, दुभाष्याची सोय करून, दीक्षा देऊ इच्छिणाऱ्या मोजक्या लोकांनी त्यांच्याकडून प्रत्यक्ष शिकावे. हे खर्चाचे आहे, मला कल्पना आहे. वर्षभरात चारऐवजी एक कार्यशाळा घेतली तर ते जमण्यासारखे आहे.

या सगळ्याने दीक्षा देणाऱ्यांची संख्या कमी होईल, असे काही आयोजक मला म्हणाले. होईल, आणि ती व्हावी असेच मला वाटते. आपल्यापैकी ज्यांना ही चर्चा पुढे न्यायची आहे, अशांनी एकत्र बसून दीक्षा देणाऱ्यांसाठी एक समान अभ्यासक्रम आणि तक्रार ऐकणारी एक स्वतंत्र समिती ठरवावी, अशी माझी सूचना आहे. त्या समितीत निदान एक मनोविकारतज्ज्ञ आणि दीक्षा देण्याशी काहीही आर्थिक संबंध नसलेली एक व्यक्ती असावी. आरोग्यविषयक प्रश्नावलीचा मसुदा तयार करण्याचे काम मी विनामूल्य करायला तयार आहे. तोवर, पुढील कार्यशाळेची प्रमाणपत्रे छापायला देण्याआधी, त्यांवरील ते वाक्य कृपया काढावे.

आपली नम्र,
पुण्यातील एक समुपदेशक